जनुकीय सुधारित पिकांमधील गुणधर्म

जनुक अभियांत्रिकीने पिकात आणलेल्या, मूळ वाणात नसलेल्या गुणांना हे नाव आहे. हे जनुक बहुधा दुसऱ्या सजीवाकडून घेतलेले असते. यादी लांब असली तरी प्रत्यक्ष शेतात बहुतांश पेरा दोनच गुणांचा आहे : तणनाशक सहन करणे आणि अळीला दाद न देणे.

अळी-प्रतिकाराचे जनुक ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ (बीटी) या मातीतल्या जिवाणूचे. त्यापासून तयार होणारे ‘क्राय’ प्रथिन बोंडअळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळते, तिथल्या पेशींवरील ग्राहक-प्रथिनांना (रिसेप्टर) चिकटते आणि आतड्याला छिद्रे पाडते. मावा, तुडतुडे यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींवर त्याचा परिणाम होत नाही. म्हणजे बीटी कपाशीला फवारणीच लागत नाही, हा समज चुकीचा.

भारतात बीटी कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली. तिच्यात क्राय1एसी हे एकच जनुक होते. 2006 मध्ये क्राय2एबी जोडलेली दुसरी पिढी आली. हिरवी बोंडअळी आटोक्यात आली. गुलाबी बोंडअळीने मात्र दोन्ही प्रथिने पचवायला सुरुवात केली, आणि 2017 च्या हंगामात विदर्भात डोमकळ्यांनी (आत अळी शिरल्याने न उमललेल्या फुलांनी) भरलेली शेते दिसली. अळीत बीटीविरुद्ध प्रतिकार येणे लांबवण्यासाठी 450 ग्रॅमच्या बियाणे पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची 120 ग्रॅमची पुडी मिळे. बीटी न खाल्लेल्या अळ्या तिच्यातून उगवलेल्या झाडांवर जगाव्यात आणि त्यांच्या पतंगांचा प्रतिकारक पतंगांशी संकर होऊन पुढची पिढी बीटीला बळी पडत राहावी, हा हेतू. ती पुडी अनेकदा बांधावरच राहिली. फरदड (हंगाम संपल्यावरही तीच कपाशी राखून घेतलेले पीक) घेतल्याने अळीला लांबलेल्या हंगामातही खाद्य मिळाले. सगळा दोष शेतकऱ्यावर टाकणे मात्र सोपे : संकरित वाणाच्या बोंडातल्या काही सरक्या बीटीविरहित निघतात, त्यामुळे एकाच बोंडात अळीला सौम्य मात्रेचा सराव होतो.

ग्लायफोसेट हे तणनाशक वनस्पतीतील ईपीएसपीएस हे विकर (एन्झाइम) बंद पाडते. त्याला न जुमानणारे जिवाणूजन्य विकर घातलेले सोयाबीन अमेरिकेत 1996 मध्ये आले. भारतात तणनाशक-सहनशील कपाशीला परवानगी नाही, तरी निंदणीची मजुरी परवडत नसल्याने तिचे बियाणे ‘चोर बीटी’ म्हणून विकले जाते. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ते उघडपणे पेरले.

इतर गुणांचा पसारा छोटा. वलयी ठिपका रोगाच्या विषाणूच्याच आवरण-प्रथिनाचे जनुक घातलेली पपई 1998 पासून हवाईत पिकते. त्या रोगाने बुडालेल्या बागा तिने सावरल्या. उशिरा मऊ पडणारा टोमॅटो 1994 मध्ये अमेरिकेत विक्रीस आला, पण टिकला नाही. बीटा-कॅरोटीनयुक्त (ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व बनते) सोनेरी भाताला फिलिपाइन्सने 2021 मध्ये दिलेली लागवडीची परवानगी तिथल्या न्यायालयाने 2024 मध्ये रोखली. भारतात बीटी वांग्यावर फेब्रुवारी 2010 मध्ये स्थगिती आली. बांगलादेशाने तेच वांगे 2013 मध्ये स्वीकारले.