नऊ व्होल्टच्या बॅटरीतला पंचम : घरी जोडलेलं ओव्हरड्राइव्ह पेडल

ओव्हरड्राइव्ह पेडल म्हणजे गिटार आणि अँप (आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) यांच्या मध्ये लावायची, आवाज मुद्दाम फाडणारी छोटी पेटी. तिच्या किटमधलं सगळं सामान एका छोट्या डब्यात मावतं. तळहाताएवढा पीसीबी (पार्ट बसवायची छापील पाटी), मूठभर रेझिस्टर, तेवढेच कपॅसिटर, काचेचे दोन इवलेसे डायोड, आठ पायांची एक आयसी (चिप), तीन पॉट (फिरवायची बटणं), दोन जॅक, एक एलईडी, पायाने दाबायचा जाडजूड स्विच आणि अ‍ॅल्युमिनियमची पेटी. माझी भाची गिटार शिकते, तिच्यासाठी हे किट मागवलं आणि आम्ही दोघांनी मिळून ते इंदूरच्या घरी जेवणाच्या टेबलावर जोडलं, आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगतोय की शाळेत फिजिक्स आवडलेलं असो की नसो, हे एकदा करून बघाच, कारण वहीत साइन वेव्ह म्हणून जे काढायचो ते इथे चक्क कानाने ऐकू येतं आणि दोन-तीन रुपयांचा पार्ट बदलला की लगेच वेगळं ऐकू येतं.

आधी गिटारकडून काय येतं ते बघू. इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमध्ये चुंबक आणि त्याभोवती हजारो वेढ्यांची बारीक तांब्याची तार असते. वरची स्टीलची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं, म्हणजे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं तेच. हे व्होल्टेज अगदी थोडं, साधारण १०० मिलिव्होल्टच्या आगेमागे, जोरात वाजवलं किंवा पिकअप तगडा असला तर त्याहून बरंच जास्त. पेडलमधली आयसी (बहुतेक किटमध्ये ४५५८ असते, एकाच अंगात दोन अँप्लिफायर) हा सिग्नल वाढवते. पण बॅटरी एकच, ० ते ९ व्होल्ट, आणि सिग्नल तर शून्याच्या वर पण जातो आणि खाली पण. म्हणून दोन सारखे रेझिस्टर लावून मधोमध ४.५ व्होल्टची एक पातळी तयार करतात आणि सिग्नलला त्या पातळीवर बसवतात, मग त्याला वर-खाली दोन्हीकडे सारखी जागा मिळते.

किती वाढवते तेही दोन रेझिस्टरवर ठरतं. बाजारात मिळणारी बरीच किट १९७० च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये आलेल्या आयबानेझ कंपनीच्या ट्यूब स्क्रीमर या पेडलवर बेतलेली असतात. त्यात एकीकडे ४.७ किलोओहम, दुसरीकडे ५१ किलोओहम आणि त्याच्याबरोबर ५०० किलोओहमचा ड्राइव्ह पॉट (आवाज किती फाटायचा ते ठरवणारा). भागाकार करून एक मिळवा : पॉट पूर्ण खाली असेल तर साधारण १२ पट, पूर्ण वर असेल तर ११८ पट. आता १०० मिलिव्होल्टचे ११८ पट केले तर झाले जवळपास १२ व्होल्ट, आणि बॅटरी आहे ९ ची. म्हणजे काहीतरी कापलं जाणारच, आणि कुठे आणि कसं कापलं जाईल हे ठरवायला ते दोन काचेचे डायोड बसवलेले आहेत.

सिलिकॉन डायोडला ०.६ व्होल्टच्या आसपास मिळेपर्यंत तो जवळपास बंद असतो, त्यानंतर झपाट्याने उघडतो, साधारण दर १०० मिलिव्होल्टच्या वाढीला करंट दहापट. दोन डायोड उलटसुलट लावले की एक वरच्या अर्ध्या लाटेवर लक्ष ठेवतो, दुसरा खालच्या. लाट ०.६ च्या आत असेल तर दोघं गप्प, आवाज स्वच्छ. लाट मोठी झाली की डायोड उघडतात आणि अँप्लिफायरचं वाढवणं तिथेच थोपवतात, शिखर चपटं होतं. या डिझाइनची खरी कमाल मला वाटते ती अशी की डायोड अँप्लिफायरच्या फीडबॅकमध्ये (बाहेर आलेल्या सिग्नलचा भाग परत आत नेणाऱ्या वाटेवर) बसवले असल्यामुळे मूळ सिग्नल कधीच पूर्ण दाबला जात नाही, कापलेल्या लाटेवर तो जसाच्या तसा बसून बाहेर येतो. म्हणून हलक्या बोटाने वाजवलं की आवाज निवळतो, जोर लावला की खरखरीत होतो, आणि वाजवणाऱ्याचा हात पेडलमधूनही ओळखू येतो.

पण लाट चपटी केली तर कानाला चांगलं का वाटावं? इथे आपल्याला सरगम कामी येते. गिटारची पाचवी तार म्हणजे ११० हर्ट्झ, तिला मंद्र षड्ज धरा. लाटेची दोन्ही शिखरं सारखी कापली की तिच्यात मूळ फ्रिक्वेन्सीच्या विषम पटी वाढतात, म्हणजे तिप्पट ३३०, पाचपट ५५०, सातपट ७७०. ३३० म्हणजे मध्य सप्तकातला पंचम. ५५० म्हणजे तार सप्तकातला शुद्ध गंधार. ७७० हा कोमल निषादापेक्षाही थोडा उतरलेला. तार छेडल्यावर हे स्वर मुळातच तिच्यात असतात पण बारीक असतात आणि पटकन विरतात, डायोड त्यांना जोरात आणतात आणि टिकवतात, कारण छेडलेला स्वर मावळत मावळत निम्म्यावर आला तरी वाढवल्यावर तो ०.६ च्या वरच असतो, मग बाहेर येणारा आवाज फारसा कमी होत नाही.

ज्यांच्या घरी तानपुरा आहे त्यांना आता काय म्हणतोय ते कळलं असेल. षड्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, त्याला आपल्याकडे स्वयंभू गंधार म्हणतातच. आमच्याकडे आईचा मिरजेचा तानपुरा आहे आणि पेडल पहिल्यांदा चालू झालं तेव्हा भाचीने एकच तार छेडून ड्राइव्हचा पॉट हळूहळू वर नेला, आई आतून पोळ्या लाटता लाटता म्हणाली, ‘जवारी जास्त उघडलीये, जरा बंद कर.’ ती काही इलेक्ट्रॉनिक्सबद्दल बोलत नव्हती पण अगदी बरोबर बोलत होती. तानपुऱ्याची घोडी सपाट नसते, तिला हलकी गोलाई असते, तार थरथरताना त्या गोलाईवर टेकते आणि सुटते, टेकण्याची जागा प्रत्येक हेलकाव्यात सरकते, म्हणजे तारेला मोकळं हलू न देता लाटेचा आकार बदलला जातो, हीच जवारी. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तानपुरा आणि वीणेवर जे लिहिलं त्यात हेच आहे : साध्या तारेचा नियम असा की जिथे छेडाल तिथे ज्या हार्मोनिकचा (मूळ सुराच्या पटीतल्या स्वराचा) स्थिर बिंदू असेल तो हार्मोनिक ऐकू यायला नको, पण तानपुऱ्यात तोही ऐकू येतो, आणि त्याचं कारण ती गोल घोडी. घोडी लाकडाची किंवा हाडाची असते, डायोड सिलिकॉनचा, दोन्हीकडे जितकं आत तितकं बाहेर हे सरळ गणित मोडलेलं आहे आणि त्या मोडण्यातूनच नवे स्वर येतात.

गंमत दोन स्वर एकत्र वाजवल्यावर आणखी वाढते. साध्या अँपमध्ये सा आणि प वाजवले तर सा आणि पच येतात. ओव्हरड्राइव्हमध्ये ते एकमेकांत मिसळून नवीन फ्रिक्वेन्सी काढतात, उदाहरणार्थ पहिल्याच्या दुपटीतून दुसरा वजा. सा ११०, प १६५ : २२० वजा १६५, उरले ५५, म्हणजे सा च्या खालचा सा, जो कोणी वाजवलेलाच नाही! दुसऱ्याच्या दुपटीतून पहिला काढला तर २२०, तोही साच. सगळं जुळून येतं म्हणून रॉकवाल्यांचे ते दोन सुरांचे पॉवर कॉर्ड एवढे भारदस्त वाटतात. आता पंचमाच्या जागी गिटारवरचा गंधार घ्या, १३८.६. हिशेब येतो ८१.४ आणि १६७.२, दुसरा पंचमाच्या जवळ आहे पण त्यावर नाही, पहिला कुठेच धड नाही, आणि आवाजात चिखल होतो. पूर्ण कॉर्ड (अनेक सूर एकत्र) ड्राइव्ह वाढवून वाजवले की घाण का वाटतात ते एवढ्यात आलं.

याच चिखलापायी डिझाइन करणाऱ्याने ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरला ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडलाय. त्यामुळे ७२० हर्ट्झच्या खाली वाढवणं कमी कमी होत जातं, जाड सुरांना डायोडपर्यंत पूर्ण जोर मिळत नाही आणि वरच्या सुरांना मिळतो. एवढासा कपॅसिटर, पण पेडलचा स्वभाव त्याने ठरवलाय.

अशा आवाजाची सुरुवात बिघाडातून झाली हे पण सांगायला हवं. अमेरिकेत नॅशव्हिलला, १९६१ मध्ये बाजारात आलेल्या एका गाण्याच्या रेकॉर्डिंगला मिक्सिंग कन्सोलचं एक चॅनल बिघडलं आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा आवाज फाटून आला. तो तसाच ठेवला, लोकांना आवडला, मग तिथले इंजिनियर ग्लेन स्नॉडी यांनी ट्रान्झिस्टर वापरून तोच आवाज मुद्दाम काढणारं सर्किट बनवलं, आणि गिब्सन या गिटार कंपनीने १९६२ मध्ये ते मॅएस्ट्रो फझ-टोन नावाने विकायला काढलं. तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर, बस्स.

आता जोडायचं कसं. सोल्डरिंगचं आयर्न आणि सोल्डर वायर इंदूरला महाराणी रोडला मिळतात, आयर्न २५ वॉटचं बारीक टोकाचं घ्या, जास्त वॉटचं घेतलं तर पीसीबीचे पॅड (पार्टचे पाय जोडायचे तांब्याचे ठिपके) उखडतात. दुकानदाराने मला ‘भिया, पेस्ट भी ले जाओ’ म्हणून आग्रह केला, पण वायरच्या पोटात रेझिन असतंच, वेगळी पेस्ट पीसीबीला नको, ती चिकट राहते. ६०-४० ची सोल्डर वायर १८३ अंशाला मऊ व्हायला लागते आणि १९० च्या आसपास पूर्ण वितळते. टोक पॅडला आणि पार्टच्या पायाला एकदम टेकवायचं, एक-दोन सेकंद थांबायचं, आणि वायर टोकाला न लावता तापलेल्या पॅडला लावायची. मग बघत राहावं असं होतं : वायर क्षणभर अडते, एकदम चांदीसारखी चमकून पायाभोवती चहूबाजूंनी पसरते आणि कडेला पातळ होत जाते. तशी पसरली तर सांधा पक्का. गोळा होऊन वर बसली तर पॅड तापलेलाच नाही, परत टोक लावा. वायरमध्ये शिसं आहे, म्हणून काम संपल्यावर साबणाने हात धुवायचे, मध्ये काही खायचं नाही, आणि रेझिनचा धूर नाकात जाऊ नये म्हणून छोटा पंखा बाजूने लावायचा.

आधी बुटके पार्ट लावायचे, रेझिस्टर, डायोड, आयसीचं सॉकेट, मग उंच कपॅसिटर. रेझिस्टरच्या रंगांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, निळ्या अंगाच्या मेटल फिल्मवर तपकिरी आणि लाल ट्यूबलाइटमध्ये सारखेच दिसतात, प्रत्येक मल्टीमीटरने मोजून लावा. डायोडची काळी पट्टी आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा लांब पाय (तो प्लस) दिशेने बसले पाहिजेत. सगळ्यात किचकट जागा म्हणजे फूटस्विच, त्याला नऊ पाय असतात, तीन रांगा : दोन सिग्नलला पेडलमधून किंवा थेट बाहेर नेतात, तिसरी एलईडी लावते. आणि इनपुटचा जॅक स्टिरिओ का देतात हा प्रश्न भाचीला पडला होता, तर गिटारची मोनो पिन आत गेली की तिच्या धातूमुळे बॅटरीचा मायनस जोडला जातो, पिन काढली की बॅटरी बंद. वाजवून झालं की पिन काढून ठेवा. अ‍ॅडॉप्टर वापरायचा तर मध्ये मायनस असलेला ९ व्होल्टचा, राउटरचे बहुतेक मध्ये प्लसवाले असतात, ते नको. ९ व्होल्टवर आहे म्हणून मुलांच्या हातात देता येतं, व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अँप मात्र उघडू नका, आत कित्येकशे व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही टिकून राहतात.

चालू केलं आणि आवाज आला नाही तर आयसीचे पाय मोजा. आठव्यावर ९, चौथ्यावर ०, पहिल्या आणि सातव्यावर ४.५ च्या आसपास. हे बरोबर असेल तर एका वायरच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून ती अँपला जोडा, दुसऱ्याने तार छेडत राहावं आणि तुम्ही कपॅसिटरचं टोक सर्किटमधून पुढे पुढे टेकवत जा. जिथे आवाज गेला तिथेच बिघाड. ऑसिलोस्कोप (लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) नसलेल्या घरात याहून चांगलं साधन नाही.

माझा आग्रह एकच, डायोड कायमचे सोल्डर करू नका, त्यांच्या जागी सॉकेटच्या पिना लावा म्हणजे ते काढता-घालता येतील. जर्मेनियमचे घाला, ते ०.३ व्होल्टलाच उघडतात, आवाज लवकर फाटतो आणि जरा बारीक होतो. लाल एलईडी घाला, त्या १.७ च्या आसपास उघडतात, आवाज मोठा आणि मोकळा. आणि मग एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दोन सिलिकॉन एकापुढे एक. आता वरचं शिखर आणि खालचं शिखर वेगवेगळ्या उंचीवर कापलं जातं, लाट तिरपी होते, आणि विषम पटींबरोबर सम पटी पण येतात, २२० आणि ४४०, म्हणजे पंचम-गंधाराच्या जोडीला षड्जच षड्ज. भाचीने हेच ठेवलंय. मी वाजवायला बसलो की दोन्हीकडे एलईडी लावतो.