हॉथॉर्न प्रयोग

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, शिकागोलगतच्या सिसेरो येथील, टेलिफोनची उपकरणे बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांची मालिका. कामावरची माणसे कशामुळे जास्त किंवा कमी काम करतात, हा तिचा विषय होता. पैशापेक्षा वागणूक आणि गटातील नाती महत्त्वाची मानणारी व्यवस्थापनशास्त्रातील ‘मानवी संबंध’ विचारधारा या प्रयोगांवर उभी राहिली. मात्र त्यांतून निघाले म्हणून जे सांगितले जाते आणि प्रत्यक्षात जे आढळले, त्यांत बरेच अंतर आहे.

त्या काळी कारखानदारीवर अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलरच्या शास्त्रीय व्यवस्थापनाचा पगडा होता. हालचाली घड्याळ लावून मोजायच्या, कामाची एकच उत्तम पद्धत ठरवायची आणि उत्पादनाच्या प्रमाणात मजुरी द्यायची, असे हे तंत्र. हॉथॉर्नमधला पहिला प्रश्नही याच वळणाचा होता : दिव्यांचा उजेड वाढवला तर काम वाढते का? १९२४ ते १९२७ या काळातील या चाचण्यांमागे अमेरिकेची राष्ट्रीय संशोधन परिषद होती. उजेड वाढवला तसे उत्पादन वाढले. पण ज्या गटाचा उजेड बदललाच नव्हता, त्याचेही वाढले. एका चाचणीत तर उजेड जवळजवळ चांदण्याइतका मंद केला, तरी दोन कामगार स्त्रियांचे काम घटले नाही.

१९२७ मध्ये टेलिफोनचे रिले (विजेवर चालणारे लहान स्विच) जोडणाऱ्या सहा स्त्रियांना वेगळ्या खोलीत बसवण्यात आले. पाच जणी जोडणी करीत आणि सहावी त्यांना सुटे भाग पुरवी. एका रिलेत सुमारे ३५ भाग असत व तो जोडायला साधारण एक मिनिट लागे. तयार रिले पन्हळीत टाकला की कागदी पट्टीवर आपोआप छिद्र पडून नोंद होई. मग एकेक बदल सुरू झाला : विश्रांतीच्या लहानमोठ्या सुट्ट्या, सकाळचा अल्पोपाहार, संध्याकाळी अर्धा तास लवकर सुटका, शनिवारी रजा. बाराव्या टप्प्यात या सवलती काढून घेऊन मूळचे वेळापत्रक आणले, तरीही आठवड्याचे एकूण उत्पादन चढेच राहिले. सुमारे अडीच वर्षांत ते जवळपास ३० टक्क्यांनी वाढले होते.

हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक एल्टन मेयो १९२८ मध्ये या कामाशी जोडले गेले. खोलीत मुकादमाचा धाक नव्हता, निरीक्षक मोकळेपणाने बोलत असे आणि बदलांआधी स्त्रियांचे मत घेतले जाई. त्यामुळे त्यांचा एकजीव गट बनला व काम वाढले, असा अर्थ मेयो आणि त्यांचे सहकारी फ्रिट्झ रोथलिसबर्गर यांनी लावला. हाच अर्थ पुढे पाठ्यपुस्तकांत गेला. वागणुकीचा परिणाम झाला असणार यात शंका नाही; पण पैशाची बाजू या मांडणीत फारच हलकी केली गेली. वेगळ्या खोलीत आल्यावर या स्त्रियांची मजुरी शंभरेक जणींच्या एकत्रित उत्पादनाऐवजी त्यांच्या लहानशा गटाच्या उत्पादनावर ठरू लागली होती. म्हणजे हात जलद चालवला तर फायदा आपल्याच पदरात पडे. हाच एक बदल दुसऱ्या रिले गटात करून पाहिला, तेव्हा उत्पादन १२ टक्क्यांच्या आसपास वाढले आणि जुनी पद्धत परत आणताच घसरले. शिवाय मोकळ्या वातावरणालाही मर्यादा होती. फार बोलतात आणि सहकार्य करीत नाहीत म्हणून मूळच्या दोघींना जानेवारी १९२८ मध्ये खोलीतून काढण्यात आले. त्यांच्या जागी आलेल्यांपैकी एकीला घरच्या परिस्थितीमुळे कमाईची निकड होती, आणि तीच इतरांना वेग वाढवायला लावी. सौम्य देखरेखीच्या या आदर्श नमुन्याच्या मुळाशी अशी एक हकालपट्टी आहे, हे सहसा सांगितले जात नाही.

१९२८ ते १९३० दरम्यान सुमारे २१ हजार कामगारांच्या मुलाखती झाल्या. सुरुवातीला ठरावीक प्रश्न विचारले जात; लोक मात्र भलत्याच गोष्टींवर बोलत. अखेर प्रश्नावली बाजूला ठेवून नुसते ऐकायचे ठरले, तेव्हा अर्ध्या तासाची मुलाखत सरासरी दीड तासावर गेली.

व्यवस्थापकाने सर्वाधिक लक्ष द्यावे असा भाग मात्र शेवटचा, बँक वायरिंग कक्षाचा (येथे ‘बँक’ म्हणजे तारा जोडायच्या बिंदूंचा संच) आहे. नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ या काळात टेलिफोन एक्स्चेंजच्या उपकरणांची तारजोडणी करणाऱ्या १४ पुरुषांचे तेथे केवळ निरीक्षण केले गेले. येथेही मजुरी गटाच्या उत्पादनावर होती, म्हणजे हिशेबाने प्रत्येकाने जास्तीत जास्त काम करायला हवे होते. प्रत्यक्षात दिवसाला दोन उपकरणे एवढेच ‘योग्य’ काम, असे त्यांनी आपसात ठरवले होते. त्याहून जास्त करणाऱ्याची टिंगल होई, प्रसंगी दंडावर ठोसाही बसे. फार कमी करणाराही नावडता ठरे, आणि चुगलखोर सर्वांत जास्त. एखाद्या दिवशी काम जास्त झाले तर ते नोंदवायचे राखून ठेवत व दुसऱ्या दिवसाच्या खात्यात घालत. नियमाविरुद्ध कामांची अदलाबदलही चाले. गटप्रमुखाला हे सारे दिसत होते. पण त्याला याच माणसांकडून रोज काम करून घ्यायचे असल्याने तो कानाडोळा करी.

अधिक काम केले तर मजुरीचे दर कापतील, नाहीतर कुणाची तरी नोकरी जाईल, असे कामगारांचे म्हणणे होते. अभ्यासकांनी याला तर्कापेक्षा भावनेचा भाग मानले. महामंदीच्या त्या दिवसांत ही भीती अगदी व्यवहारी होती : काम आटल्यामुळे हा कक्षच मे १९३२ मध्ये बंद करावा लागला.

सविस्तर अहवाल रोथलिसबर्गर व विल्यम डिक्सन यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्यावर लक्ष आहे या जाणिवेने वागणे बदलते, या कल्पनेला ‘हॉथॉर्न परिणाम’ हे नाव १९५० च्या दशकात रूढ झाले. ॲलेक्स केरी यांनी १९६७ मध्ये या निष्कर्षांवर कडक टीका केली. उजेडाच्या चाचण्यांची जुनी आकडेवारी पुन्हा तपासून अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट आणि जॉन लिस्ट यांनी २०११ मध्ये दाखवून दिले की, सांगितला जातो तसा ठळक परिणाम त्यांत नाही.

कंपनीने १९३६ मध्ये मुलाखतींच्या अनुभवावरून समुपदेशन योजना सुरू केली. समुपदेशकाने कामगाराचे म्हणणे गुप्त ठेवून शांतपणे ऐकायचे, पण तक्रार सोडवण्यासाठी स्वतः काही करायचे नाही, असा तिचा दंडक होता. ही योजना हॉथॉर्नमध्ये १९५६ पर्यंत चालली.