हौशी रोबोटिक्समधील हलक्या वितरित ऑपरेटिंग सिस्टीम

रोबोवरचे आणि रोबोबाहेरचे अनेक छोटे संगणक एकच यंत्र असल्यासारखे वापरता यावेत, यासाठी हौशी रोबोबांधणीत वापरल्या जाणाऱ्या, थोड्या मेमरीत चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीम.

हौसेखातर बांधलेल्या साध्या रोबोचेही एका संगणकावर क्वचितच भागते. मोटर सांभाळायला मायक्रोकंट्रोलर (एका चिपमध्ये मावणारा छोटा संगणक), कॅमेऱ्यासाठी रास्पबेरी पायसारखा छोटा बोर्ड आणि आज्ञा द्यायला लॅपटॉप, अशी वाटणी आपोआप होते. या तिघांचे बोलणे जुळवायला जो तो आपापला सीरियल प्रोटोकॉल, म्हणजे तारेवरून संदेश पाठवण्याचे नियम, रचतो. मग एक सेन्सर बदलला की दोन्ही टोकांचा कोड पुन्हा लिहावा लागतो. वितरित सिस्टीमचा खरा उपयोग इथे आहे. नुसत्या वेगासाठी तिच्याकडे वळण्यात फारसा अर्थ नाही.

या विचाराचे सर्वांत स्वच्छ रूप प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये दिसते. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेत केन टॉम्पसन, रॉब पाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली आणि १९९२ मध्ये विद्यापीठांना दिली. तिच्यात उपकरणे फाइलींच्या रूपात समोर येतात, आणि ९पी या एकाच प्रोटोकॉलमुळे दुसऱ्या संगणकावरच्या फाइलीही आपल्याच संगणकावरच्या फाइलींच्या झाडात जोडता येतात. मोटरच्या फाइलीत आकडा लिहिला की चाक फिरते, सेन्सरची फाइल वाचली की अंतर कळते. चाक कोणत्या बोर्डाला जोडले आहे, याची प्रोग्रॅमला फिकीर नसते. त्यामुळे खऱ्या रोबोच्या जागी त्याच नावांच्या फाइली पुरवणारा बनावट रोबो ठेवून प्रोग्रॅम टेबलावरच तपासता येतो. हौशी माणसाला ही सोय फार मोलाची, कारण त्याच्याकडे बहुधा एकच रोबो असतो आणि तोही निम्मा वेळ उघडून ठेवलेला.

याच घराण्यातली इन्फर्नो १९९० च्या दशकात आली. तिचे प्रोग्रॅम लिंबो भाषेत लिहितात आणि ते डिस या आभासी यंत्रावर चालतात; म्हणून एकच प्रोग्रॅम वेगवेगळ्या प्रोसेसरांवर न बदलता जातो. ती थेट हार्डवेअरवर चालते, तशीच लिनक्स किंवा विंडोजच्या पोटातही. तिच्या स्टिक्स या ९पीच्याच धर्तीच्या प्रोटोकॉलचा सर्व्हर लेगो माइंडस्टॉर्म्स या रोबो-संचातील आरसीएक्स विटेत, म्हणजे त्याच्या संगणक-ठोकळ्यात, बसवण्याचा प्रयोग २००० च्या सुमारास व्हिटा नुओव्हा या कंपनीने केला. विटेत ८ बिटी हिताची प्रोसेसर आणि ३२ किलोबाइट रॅम, संगणकाशी दुवा इन्फ्रारेडचा. तरीही तिच्या मोटरी आणि सेन्सर फाइली म्हणून दिसू लागले. एवढ्याशा जागेत हे बसते, याचा यापेक्षा बोलका पुरावा शोधायची गरज नाही.

मर्यादा वेळेची आहे. सर्वसाधारण सर्व्होला (सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या मोटरीला) दर २० मिलिसेकंदांनी १ ते २ मिलिसेकंदांचा पल्स, म्हणजे विजेचा छोटा ठोका, लागतो. तो नेटवर्कवरून मोजून पाठवणे व्यर्थ. फाइलीचे प्रत्येक वाचन म्हणजे विनंती आणि उत्तर अशी फेरी. सेकंदाला अर्धा मीटर चालणारा रोबो १०० मिलिसेकंदांच्या खोळंब्यात ५ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. म्हणून पल्स, चाकाच्या वेगाचे नियंत्रण आणि धडक टाळणे मायक्रोकंट्रोलरवरच ठेवावे, तिथे फ्रीआरटीओएससारखा रिअल-टाइम, म्हणजे ठरल्या वेळेत काम उरकणारा, गाभा चालतो. काही क्षण आज्ञा आली नाही तर मोटर आपण होऊन थांबावी, ही तरतूदही तिथेच हवी. वायफाय तुटल्यावर धावत सुटलेला रोबो माणसाला इजा करू शकतो. ९पी स्वतः संदेश कूटबद्ध करत नाही, तेव्हा मोटरची फाइल उघड्या नेटवर्कवर ठेवू नये.

२००७ पासून विकसित होत असलेली आरओएस (रोबोट ऑपरेटिंग सिस्टीम) नावात ऑपरेटिंग सिस्टीम असली तरी प्रत्यक्षात मिडलवेअर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम आणि प्रोग्रॅम यांच्यामधला थर, आहे आणि बहुधा लिनक्सवर चालते. नकाशा तयार करणे, मार्ग आखणे यांची तयार पॅकेजे तिच्यापाशी विपुल आहेत, प्लॅन ९ कडे नाहीत. प्लॅन ९ कडे कॅमेऱ्यांचे ड्रायव्हरही मोजकेच. यावर मधला मार्ग निघतो: लिनक्सच्या २००५ मधील २.६.१४ आवृत्तीपासून कर्नलमध्येच (तिच्या गाभ्यातच) ९पीची सोय आहे, त्यामुळे बोर्डावर छोटा ९पी सर्व्हर चालवून त्याच्या फाइली नेहमीच्या लॅपटॉपवर माउंट करता, म्हणजे जोडून घेता, येतात.