जेसी विषाणू

माणसात आढळणाऱ्या पॉलिओमा विषाणूंपैकी एक. जगातल्या निम्म्याहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो असतो. बहुतेकांना तो लहानपणी किंवा तरुणपणी कधीतरी लागतो, आणि आपल्यात असे काही आहे याचा पत्ताही न लागता त्यांचे आयुष्य सरते. रोगप्रतिकारशक्ती खचली की मात्र हाच विषाणू मेंदूत बळावतो आणि ‘प्रोग्रेसिव्ह मल्टिफोकल ल्युकोएन्सेफॅलोपथी’ म्हणजेच पीएमएल हा गंभीर, अनेकदा जीवघेणा आजार घडवतो.

नावामुळे मराठी वाचकाचा हमखास घोटाळा होतो, तो आधी मिटवलेला बरा. पॉलिओमा हे पोलिओचे भावंड नव्हे. पोलिओ हे नाव ‘करडा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले, कारण तो आजार मज्जारज्जूच्या करड्या भागाला धरतो. पॉलिओमा म्हणजे ‘पुष्कळ गाठी’. या कुळातला पहिला विषाणू १९५० च्या दशकात उंदरांत सापडला आणि त्यांच्या अंगात जागोजागी गाठी आणताना दिसला, म्हणून हे नाव. पीएमएलचा मारा तर पोलिओच्या उलट, मेंदूच्या पांढऱ्या भागावर असतो. दोन्ही कुळांची गाठ पडली ती प्रयोगशाळेत. पोलिओची लस माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर बनवली जाई, आणि त्या पेशींत एसव्ही-४० हा माकडांचा पॉलिओमा विषाणू दडलेला असल्याचे १९६० साली उघड झाले.

‘जेसी’ ही ज्या रुग्णाच्या मेंदूतून विषाणू मिळाला त्याच्या नावाची आद्याक्षरे. क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्याच दुसऱ्या आजाराशी त्यांचा संबंध नाही, तरी तसा समज अधूनमधून भेटतो. रुग्णाचे पूर्ण नाव पुढे पुस्तकांतून छापले गेले. ते इथे दिलेले नाही, कारण मेंदू अभ्यासाला देणाऱ्याचे नाव गुप्त राखणे हीच त्या आद्याक्षरांमागची मूळ भावना होती.

विषाणूच्या आधी आजार सापडला. १९५८ साली ऑस्ट्रम, मॅनकॉल आणि रिचर्डसन या तीन डॉक्टरांनी रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या कर्करोगाने आजारी असलेल्या तीन रुग्णांच्या मेंदूंचे वर्णन प्रसिद्ध केले. पांढऱ्या भागात ठिकठिकाणी बारीक डाग पडलेले, काही डाग एकमेकांत मिसळून मोठे झालेले. मज्जातंतूंवर मायलिन नावाचे चरबीयुक्त वेष्टन असते, विजेच्या तारेवरच्या रबरासारखे. ते या डागांत नाहीसे झाले होते. सूक्ष्मदर्शकाखाली डागाची कड पाहिली तर मायलिन तयार करणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींची केंद्रके फुगून टपोरी आणि काचेसारखी एकरंगी झालेली दिसतात. शेजारच्या ॲस्ट्रोसाइट पेशी इतक्या वेड्यावाकड्या वाढतात की नवख्याला कर्करोगच वाटावा. १९६५ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात झू ऱ्हाइन आणि चाऊ यांनी त्या फुगलेल्या केंद्रकांवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक रोखला, तेव्हा आत पॉलिओमा जातीच्या गोल कणांची दाटी दिसली.

कण दिसले तरी विषाणू हाती येईना, कारण नेहमीच्या पेशींत तो वाढत नव्हता. विस्कॉन्सिनमध्येच बिली पॅजेट, ड्युअर्ड वॉकर आणि सहकाऱ्यांनी मानवी गर्भाच्या मेंदूतील ग्लायल पेशींचे (मज्जापेशींना आधार देणाऱ्या पेशींचे) संवर्धन वापरले आणि १९७१ मध्ये विषाणू वेगळा केला. त्याच सुमारास लंडनमध्ये सिल्व्हिया गार्डनर यांच्या गटाला मूत्रपिंड बदललेल्या एका रुग्णाच्या लघवीत दुसरा पॉलिओमा विषाणू मिळाला. त्यालाही रुग्णाच्या आद्याक्षरांवरून ‘बीके’ म्हणतात. दोन्ही शोध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. बीकेचा त्रास मुख्यतः मूत्रपिंडाला आणि मूत्राशयाला होतो. प्रत्यारोपण झालेल्यांची त्यासाठी नियमित तपासणी करतात.

जेसी विषाणू जेमतेम ४० ते ४५ नॅनोमीटरचा. बाहेर चरबीचे आवरण नाही, आत सुमारे ५,१३० अक्षरांचे डीएनएचे एक वर्तुळ. या वर्तुळातला छोटासा नियंत्रक भाग फार महत्त्वाचा आहे. निरोगी माणसाच्या लघवीत सापडणाऱ्या विषाणूत हा भाग नीट, सलग असतो. पीएमएलच्या रुग्णाच्या मेंदूतल्या विषाणूत मात्र त्याचे काही तुकडे गळलेले आणि काही दोनदा लिहिलेले आढळतात. योगो आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी १९९० मध्ये लघवीतले मूळ रूप मांडले, तेव्हा हा फरक ठळक झाला. म्हणजे मूत्रपिंडात निमूट राहणारा विषाणू जसाच्या तसा मेंदूत रोग करत नाही. शरीरात वावरताना त्याचा हा नियंत्रक भाग बदलतो आणि मग ग्लायल पेशींत तो जोमाने वाढतो. हा विषाणू प्राण्यांत पीएमएल घडवत नाही, ही संशोधनाची मोठी अडचण. त्यामुळे जे कळले ते बहुतांशी रुग्णांकडूनच, आणि पुष्कळदा त्यांच्या मृत्यूनंतर.

लघवीतल्या विषाणूचा एक वेगळाच उपयोग झाला. तो बहुधा दीर्घ सहवासातून, कुटुंबात पसरतो आणि जगाच्या निरनिराळ्या भागांत त्याचे निरनिराळे प्रकार आढळतात. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत आशियाई प्रकार मिळाला, म्हणून माणसाच्या प्राचीन स्थलांतरांचा माग या विषाणूवरून काढण्याचे प्रयत्न झाले. विषाणूची आणि माणसाची वंशावळ इतकी तंतोतंत जुळत नाही, असा आक्षेप पुढे आला आणि तो गंभीर आहे.

१९८४ पर्यंतच्या आढाव्यात पीएमएलचे जेमतेम २३० रुग्ण मोजले गेले होते. मग एड्स आला. उपचार नसण्याच्या काळात एड्सच्या दर शंभर रुग्णांपैकी तीन ते पाच जणांना पीएमएल होई आणि बहुतेक जण काही महिन्यांत जात. भारतात तो कमी का दिसतो, हा प्रश्न बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकार संस्थेतल्या अभ्यासकांनी २००३ मध्ये मांडला. क्षयासारख्या संसर्गाने रुग्ण आधीच दगावत असतील, निदानच होत नसेल, की विषाणूंच्या इथल्या प्रकारांतच काही वेगळे आहे, अशा शक्यता त्यामागे होत्या. शवविच्छेदनाला घरचे सहसा तयार होत नाहीत, ही आपल्याकडची वस्तुस्थितीही विसरता येत नाही.

आजार दबकत येतो. एका हाताची पकड सैल होते, चालताना तोल जातो, शब्द अडखळतो, ताटातल्या एका बाजूचे पदार्थ दिसतच नाहीत. ताप बहुधा नसतो. घरच्यांना अर्धांगवायू वाटतो, पण अर्धांगवायू मिनिटांत येतो आणि हे आठवड्यांनी वाढते. एमआरआयमध्ये पांढऱ्या भागातले डाग अगदी मेंदूच्या सालीपर्यंत पोचलेले दिसतात, तरी भोवती सूज किंवा दाब नसतो. खात्रीसाठी पाठीच्या मणक्यातले पाणी काढून त्यात विषाणूचा डीएनए शोधतात.

एड्सनंतरचा दुसरा धक्का औषधानेच दिला. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू व मज्जारज्जूच्या आजारावरचे नॅटालिझुमॅब हे औषध नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये थांबवावे लागले. पहारा देणाऱ्या टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या रक्तपेशींना, ते मेंदूत शिरू देत नाही. त्यामुळे मूळ आजार आवरतो, पण जेसीला रान मोकळे मिळते. औषधाने रुग्णांना खरोखर गुण येत होता, म्हणून २००६ मध्ये ते कडक देखरेखीसह परत आले. रक्तात जेसीविरोधी प्रतिपिंडे नसतील तर धोका दहा हजारांत एकाहूनही कमी. प्रतिपिंडे असतील, आधी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेतलेली असतील आणि नॅटालिझुमॅब सुरू करून दोन वर्षे उलटली असतील, तर हजारांत सुमारे अकरा. चारऐवजी सहा आठवड्यांनी डोस दिल्यास धोका घटतो, असेही नंतर दिसले.

थेट विषाणूवर चालणारे औषध आजही नाही. सायटाराबिन, सिडोफोव्हिर, मेफ्लोक्विन अशी इतर आजारांवरची औषधे वापरून झाली, उपयोग झाला नाही. गुण आला तो टी-पेशींचा पहारा परत उभा केल्यावर. १९९६ नंतरच्या एचआयव्ही उपचारांनी पीएमएलच्या निम्म्या रुग्णांना वर्षापलीकडे नेले. अर्थात परतलेल्या पेशी मेंदूत अतिरेकी दाह घडवतात, तेव्हा सुधारणारा रुग्ण एकाएकी बिघडतो आणि स्टिरॉइड द्यावे लागते. ह्यूस्टनमध्ये तर बीके विषाणूविरुद्ध तयार केलेल्या दात्यांच्या टी-पेशी तीन रुग्णांना दिल्या गेल्या, आणि २०१८ साली ते प्रसिद्ध झाले. दोन्ही विषाणूंची प्रथिने इतकी सारखी आहेत की एकासाठी शिकवलेल्या पेशींनी दुसऱ्यालाही ओळखले. दोघांच्या मणक्यातल्या पाण्यातून जेसी नाहीसा झाला.