‘कर्टेल’चा कुत्र्याच्या शेपटाशी संबंध नाही

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या सोलापूरच्या मुलांच्या वह्यांत एक गोष्ट पिढ्यानपिढ्या उतरवली जाते: इंग्रजीतला कर्टेल (curtail) म्हणजे ‘कर’ (भटका कुत्रा) अधिक ‘टेल’ (शेपूट), कुत्र्याचं शेपूट कापणं, म्हणून कमी करणं. लक्षात राहते, पण खरी नाही.

मूळ शब्द कर्टल. तो फ्रेंचमधून आला, मुळाशी लॅटिन ‘कर्टस’ म्हणजे आखूड. सोळाव्या शतकात इंग्रजीत शेपूट छाटलेल्या घोड्याला कर्टल म्हणत. त्याचं क्रियापद झालं आणि बोलणाऱ्यांनीच शब्दाचा शेवट ‘टेल’शी जुळवून घेतला. म्हणजे शेपूट होतं, पण घोड्याचं. आणि ‘टेल’ मागाहून चिकटलं.

दुसरा समज जास्त मार्क घालवतो: कर्टेल, अब्रिज, अब्रिव्हिएट, ट्रंकेट सगळे सारखेच, कुठलाही कुठेही चालतो. अजिबात चालत नाही. कर्टेल होतात हक्क, खर्च, दौरे. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला, तेव्हा नागरिकांचे अधिकार कर्टेल झाले. तिथे अब्रिव्हिएट लिहिलं तर वाक्यच कोसळतं, कारण ते शब्दांसाठी: डॉक्टरचं ‘डॉ.’. ट्रंकेट म्हणजे शेवट सरळ छाटणं. २.७८९ चं २.७८ केलं तर ट्रंकेट, २.७९ केलं तर ते राउंडिंग.

अब्रिज म्हणजे संक्षेप करणं, बहुधा पुस्तकाचा, आशय राखून. पण ‘फक्त पुस्तकाला’ असं कृपा करून घोकू नका. अमेरिकेच्या १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत भाषणस्वातंत्र्य ‘अब्रिज’ करणारा कायदा करायला काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, मनाई आहे.