दिवाळी अंकांची मुखपृष्ठे : संग्रहामागची पार्श्वभूमी

जुन्या दिवाळी अंकांच्या संग्रहाचा विषय निघाला की सुरुवात बहुधा १९०९ सालच्या ‘मनोरंजन’च्या अंकापासून होते. त्याआधी १९०५ मध्ये ‘मित्रोदय’ने असा अंक काढल्याचा दावा केला जातो, पण संग्राहकाच्या दृष्टीने तो वाद दुय्यमच आहे, कारण रद्दीवाल्याकडे किंवा जुन्या पुस्तकांच्या बाजारात जे हाती लागते, ते प्रामुख्याने स्वातंत्र्याच्या आगेमागचे आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांतले असते. याच काळात, १९४५ साली, एका चित्रकारानेच ‘दीपावली’ काढला. पुढे तबकातल्या निरांजनाच्या उजेडात उभी असलेली तरुणी आणि कोपऱ्यातली चित्रकाराची सही पाहून अंक विकत घेणारा वाचकवर्ग तयार झाला.

तरीही अशी मुखपृष्ठे शाबूत स्थितीत फारशी मिळत नाहीत, आणि त्याचे खापर आजही ग्रंथालयांच्या एका जुन्या निर्णयावर फोडले जाते. मासिकांचे वर्षभराचे अंक एकत्र बांधताना मुखपृष्ठ आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती. पृष्ठक्रमांक मजकुराला असत, मुखपृष्ठाला नसत. त्यामुळे जे क्रमांकात नाही ते साहित्यात नाही, असा सोयीचा अर्थ लावला गेला. जागेची टंचाई आणि बांधणीचा खर्च पाहता तो अगदीच अविचारी म्हणता येत नाही. मात्र त्यापायी छपाईचा दर्जा, किंमत, चित्रकाराचे नाव आणि त्या काळची अभिरुची यांचा एकत्रित पुरावा कात्रीखाली गेला. फिरत्या वाचनालयांच्या अंकांची गत थोडी वेगळी होती : त्यांवर शिक्के उमटले, खाकी कागद चिकटवले गेले, पण चित्र निदान आत राहिले. म्हणूनच डागाळलेला वाचनालयी अंक देखण्या बांधीव खंडापेक्षा मोलाचा मानायला हवा.

अलीकडे चित्र उलटे झाले आहे. मुखपृष्ठ चौकटीत बसवून विकले जाते आणि कथा, व्यंगचित्रे, जाहिराती रद्दीत जातात. आतला वृत्तपत्री कागद पिवळा पडून तुकडे होतो, टाचण्यांचा गंज पानांत उतरतो, तर मुखपृष्ठाचा जाड, गुळगुळीत कागद त्या मानाने टिकतो, असे समर्थन विक्रेते देतात. कागदापुरते ते खरे आहे, पण ग्रंथालयांना नावे ठेवणाऱ्यांनी तीच कात्री दुसऱ्या बाजूने चालवावी, हे पटण्यासारखे नाही. १९५१ साली सुरू झालेल्या ‘आवाज’च्या खिडकीचित्रांकडे पाहिले की नुकसान स्पष्ट दिसते. तिथे कापलेल्या चौकोनातून मागच्या पानावरच्या चित्राचा तुकडा आधी दिसतो आणि पान उलटल्यावरच विनोद उलगडतो. सुट्या पानाला तो साधता येत नाही. अशा अंकांत फाटलेली खिडकी संग्राहक सर्वांत आधी तपासतात आणि किंमतही त्यावरच ठरते.