क्लस्टरमधील पत्ता-क्रमांकन व मेमरी-नियोजन

उच्च क्षमतेच्या संगणनासाठी अनेक स्वतंत्र संगणक, म्हणजे नोड, एका जाळ्यात जोडून क्लस्टर उभारताना प्रत्येकाला कोणता पत्ता द्यावा व त्याची मेमरी कशी वाटावी, हे उभारणीपूर्वी ठरविण्याची पद्धती. हे दोन्ही विषय सहसा वेगवेगळे मांडले जातात. मोठ्या क्लस्टरमध्ये मात्र ते एकमेकांत गुंतलेले असतात.

या पद्धतीचा आरंभ काही जण १९८० च्या दशकातील डीईसी कंपनीच्या व्हॅक्सक्लस्टर या संगणक-समूहापासून मानतात. तथापि नासाच्या गॉडर्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनी १९९४ च्या सुमारास उभारलेल्या, साध्या इथरनेटवर चालणाऱ्या १६ नोडांच्या बेवुल्फ या क्लस्टरपासून तो धरणे अधिक ग्राह्य वाटते. पुण्याच्या सी-डॅकचा परम ८००० हा महासंगणक (१९९१) त्याआधीचा असला, तरी त्यातील ट्रान्सप्युटर (जोडणीचे दुवे अंगभूत असलेले प्रोसेसर) चार थेट दुव्यांनी शेजाऱ्यांशी जोडलेले असत. त्यामुळे आजच्या अर्थाने पत्ते वाटण्याचा प्रश्न तेथे वेगळ्या स्वरूपाचा होता.

फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटविषयक दस्तऐवजाने खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांच्या तीन पट्ट्यांपैकी १०.०.०.०/८ हा सर्वांत मोठा असून त्यात १,६७,७७,२१६ पत्ते आहेत. पत्त्यातील बिंदूंनी विभागलेल्या चार गटांपैकी तिसऱ्या गटात रॅकचा (नोड ठेवण्याच्या कपाटाचा) व चौथ्यात रॅकमधील जागेचा क्रमांक घालण्याचा प्रघात आहे. दुसरा गट बदलला की त्याच नोडचा देखभाल-नियंत्रक (नोडवर दुरून देखरेख ठेवणारी स्वतंत्र चिप) सापडतो, उदा., १०.१.७.२३ चा १०.२.७.२३. रॉक्स या क्लस्टर उभारण्यासाठीच्या लिनक्स वितरणात पत्ते १०.१.२५५.२५४ पासून उतरत्या क्रमाने दिले जात, नावे मात्र चढत्या क्रमाने. नवख्याची त्यात हमखास फसगत होई.

एकाच सपाट, म्हणजे राउटरने न विभागलेल्या, जाळ्यात प्रत्येक नोड इतरांचे हार्डवेअर-पत्ते एआरपी तक्त्यात (कोणत्या आयपी पत्त्याला कोणता हार्डवेअर-पत्ता, याच्या यादीत) साठवतो. लिनक्समध्ये या तक्त्याची मूळ कमाल मर्यादा १,०२४ नोंदींची आहे. सर्व नोडांनी परस्परांशी बोलायचे असेल, तर त्यापुढे तक्ता ओसंडतो व जोडण्या अधूनमधून तुटतात. यावर मर्यादा वाढवणे किंवा जाळे विभागणे हे उपाय असून पहिला सोपा, तर दुसऱ्यात राउटरचा विलंब पत्करावा लागतो. इन्फिनिबँड या क्लस्टरमधील अतिवेगवान जोडणी-तंत्रात सबनेट मॅनेजर हा नियंत्रक प्रोग्राम १६ बिटांचे स्थानिक क्रमांक वाटतो. त्यांपैकी ४९,१५१ एकल पत्त्यांसाठी उपलब्ध असतात; पर्यायी मार्गांसाठी प्रत्येक पोर्टला चार क्रमांक दिल्यास ही क्षमता सुमारे १२ हजार पोर्टांवर येते.

इन्फिनिबँडच्या विश्वसनीय जोडणी-प्रकारात प्रत्येक प्रक्रिया (चालू प्रोग्रामची एक प्रत) इतर सर्व प्रक्रियांशी स्वतंत्र जोडणी राखते. ४८ कोरांच्या १०० नोडांवर प्रत्येक कोरला एक प्रक्रिया दिल्यास एका नोडवर बाहेरच्या नोडांशी सुमारे २.२८ लाख जोडण्या होतात व त्यांचे बफर (संदेशांसाठी राखलेली जागा) गणिताच्याच मेमरीतून जातात. सामायिक स्वीकार-रांग (अनेक जोडण्यांना मिळून एकच बफर-साठा) आणि गरज पडेल तेव्हाच जोडणी करणे, यांमुळे हा भार बराच घटतो.

१९२ जीबीच्या अशा नोडवर प्रत्येक कोरच्या वाट्याला कागदोपत्री ४ जीबी येतात, पण काही भाग कार्यप्रणालीच वापरते, म्हणून स्लर्म या कामे वाटणाऱ्या प्रणालीत नोडची मेमरी प्रत्यक्षापेक्षा काहीशी कमी नोंदवतात. संगणकाचा वेग मोजणाऱ्या लिनपॅक चाचणीत एकूण मेमरीच्या ८० टक्के भाग आव्यूहाला (मॅट्रिक्सला) देण्याचा संकेत आहे; वरील १०० नोडांसाठी आव्यूहाची कोटी (ओळींची संख्या) त्यानुसार सुमारे १३.८६ लाख येते. डिस्क नसलेल्या नोडांत कार्यप्रणालीची प्रतिमाही मेमरीतच राहत असल्याने ती या हिशेबातून आधी वजा करावी लागते.